उल्हासनगर आणि हरवलेली ६१९ अक्षरे

कल्याण स्थानकातून कर्जतच्या दिशेने निघालेला लोहमार्ग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे एकामागून एक ओलांडत जातो. आज ती एकमेकांना चिकटलेली दिसत असली, तरी त्यांचे जन्म फार वेगवेगळ्या काळांतले आहेत. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधले, शिलाहार राजा माम्वाणीच्या कारकिर्दीतले. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे जुने गाव. उल्हासनगर मात्र विसाव्या शतकातल्या एका महायुद्धाचे आणि एका फाळणीचे अपत्य आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने कल्याणजवळच्या माळरानावर सैनिकांसाठी बराकी उभारल्या होत्या. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच बराकींत ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन 'कल्याण कॅम्प'चे 'उल्हासनगर' झाले. नाव बदलले तरी बोलण्यात कॅम्प राहिलाच. आजही शहरातला पत्ता 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असाच सांगितला जातो.

या निर्वासितांनी बरोबर काय आणले याच्या याद्या अनेकदा झाल्या आहेत: व्यापाराची रीत, झूलेलालाची भक्ती, पापड-लोणच्यांचे घरगुती उद्योग, अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेल्या वह्या. या सगळ्याबरोबर आणखी एक वारसा आला, ज्याची आणणाऱ्यांनाही कल्पना नव्हती. तो रक्तात होता, आणि नेमकेपणाने सांगायचे तर अकराव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या जनुकात होता. या जनुकाच्या अखेरच्या भागातली ६१९ अक्षरे काही कुटुंबांत गळून गेलेली होती. ती गळती ओळखण्याची साधने कशी घडत गेली, आणि त्या साधनांच्या मालिकेत विजेच्या सूक्ष्म प्रवाहावरून डीएनएचा ठरावीक क्रम ओळखणाऱ्या विद्युतरासायनिक संवेदकाचे स्थान कोणते, हा या लेखाचा विषय आहे. संवेदकांचा इतिहास सहसा प्रयोगशाळांच्या बाजूने लिहिला जातो. तो ज्या गावाला त्यांची गरज आहे त्या गावाच्या बाजूने लिहिला, तर त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

या आजाराचे नाव थॅलेसेमिया. रक्तातल्या तांबड्या पेशींत प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे बनलेले असते, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी घडवणारे जनुक बिघडले की ती कमी बनते किंवा बनतच नाही. प्रत्येक माणसाला हे जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोनदा मिळते. त्यातले एकच बिघडलेले असेल तर माणूस 'वाहक' असतो, त्याच्या तांबड्या पेशी किंचित लहान असतात, हिमोग्लोबिन थोडे कमी भरते, पण तो आयुष्यभर धडधाकट राहू शकतो आणि बहुतेकदा त्याला आपल्या वाहकपणाची जाणीवही नसते. दोन वाहकांचा विवाह झाला तर मात्र प्रत्येक गर्भारपणात मुलाला दोन्ही बिघडलेली जनुके मिळण्याची शक्यता चारात एक असते. असे मूल जन्मतः निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वेगळ्या साखळ्यांचे असते; ते ओसरू लागले की सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आत मूल फिकट पडते, पोट पाणथरीमुळे फुगते, आणि त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवल्याशिवाय ते जगू शकत नाही. चढवलेल्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साचत जाते, म्हणून ते बाहेर काढणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. पूर्वी यासाठी रात्रभर पोटाच्या त्वचेखाली सुईने औषध सोडणारा छोटा पंप लावावा लागे. तोंडाने घेण्याच्या डेफेरिप्रोन या गोळीला जगात सर्वप्रथम परवाना मिळाला तो भारतात, १९९०च्या दशकाच्या मध्यात, आणि त्यामागच्या चाचण्यांत मुंबईतल्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. ज्या घराने ही चक्रे भोगली आहेत त्या घराला वाहकाची वेळेवर ओळख म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेत डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ टॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या आजाराचे वर्णन केले, आणि भारतातला पहिला रुग्ण १९३८ मध्ये कलकत्त्यात नोंदवला गेला. उल्हासनगरच्या दृष्टीने मात्र या इतिहासातले सर्वांत लक्षणीय वर्ष १९४९ आहे. ज्या वर्षी कल्याण कॅम्पला नवे नाव मिळाले त्याच वर्षी जे. बी. एस. हाल्डेन यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, ज्यात त्यांनी असे सुचवले की थॅलेसेमियाच्या वाहकांच्या लहान तांबड्या पेशी हिवतापाच्या जंतूला कदाचित सहजासहजी दाद देत नसाव्यात, आणि म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे घातक जनुक नष्ट न होता टिकून राहिले असावे. सिंधू नदीचे खोरे हे असेच हिवतापाचे खोरे होते. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्याच १९४९ च्या नोव्हेंबरात लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा हिमोग्लोबिनचाच आणखी एक आनुवंशिक आजार म्हणजे 'रेणूचा आजार' असल्याचे दाखवले. त्यांनी निरोगी आणि रुग्ण माणसांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडले, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकले, कारण त्यांच्यावरचा विद्युतभार वेगळा होता. जनुकातला बदल विजेच्या साह्याने उघड करता येतो याचा तो पहिला ठोस पुरावा होता, आणि पुढच्या सगळ्या कथेचे बीज त्यात आहे.

सिंधी समाजातच हे जनुक इतके का आढळते याचे उत्तर विवाहाच्या रूढीत आहे. आमिल आणि भाईबंद या सिंधी हिंदूंच्या दोन मोठ्या वर्गांपैकी बहुतेकांचे मूळ लोहाणा समाजात सांगितले जाते, आणि सोयरीक शक्यतो समाजातच जुळवण्याची प्रथा सिंधमध्ये जशी होती तशीच ती कॅम्पात चालू राहिली. किंबहुना घरदार हरवलेल्या माणसांना आपल्या माणसांत नाते जोडण्याची ओढ अधिकच असते. एखाद्या दूरच्या पूर्वजात एकदा झालेला बदल अशा समाजात पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतो. भारतात सरासरी ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक असल्याचे मानले जाते. सिंधी समाजाच्या पाहण्यांत हे प्रमाण त्याच्या अनेक पटींनी भरत आले आहे. मात्र 'सिंध्यांचा आजार' हा शब्दप्रयोग चुकीचा आणि अन्यायकारक आहे. पंजाबी, कच्छी भानुशाली, गुजराती लोहाणा, बंगाली अशा अनेक समाजांत तो ठळकपणे आढळतो, भूमध्य समुद्राच्या काठावर तर तो शतकानुशतके आहे, आणि थॅलेसेमिया हे नावच समुद्रासाठीच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

वाहक ओळखण्याच्या जुन्या रीती जनुकापर्यंत पोहोचत नव्हत्या, त्या जनुकाच्या परिणामांवरून अंदाज बांधत. त्यांतली सर्वांत साधी आणि मुंबईच्या परिसरात सर्वांत उपयोगी ठरलेली चाचणी म्हणजे एकाच नळीत उघड्या डोळ्यांनी करायची 'नेस्ट्रॉफ्ट'. मुंबईचे रक्तविकारतज्ज्ञ बी. सी. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ती लोकवस्त्यांच्या पाहणीसाठी वापरली. शेकडा ०.३६ तीव्रतेच्या मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडला की निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी फुगून फुटतात आणि पाणी पारदर्शक होते. वाहकाच्या पेशी फुटायला नाखूश असतात, त्यामुळे पाणी गढूळ राहते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरची काळी रेघ पुसट दिसते. वीज नाही, यंत्र नाही, फक्त एक नळी आणि एक रेघ. बराकींतल्या शिबिरांत शेकडो मुलांची चाळणी करायला याहून योग्य साधन मिळणे कठीण होते. संशयित नमुन्यांत मग हिमोग्लोबिनचा 'ए-टू' हा प्रकार मोजला जाई; तो साधारण साडेतीन ते चार टक्क्यांच्या वर गेला की माणूस वाहक ठरतो. हे मोजण्यासाठी आधी पॉलिंगच्या पद्धतीचा घरगुती अवतार, म्हणजे पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून विजेने त्याचे घटक वेगळे करण्याची रीत होती, आणि नंतर एचपीएलसी हे स्वयंचलित यंत्र आले.

या चाचण्या वाहक दाखवतात, पण कोणता बदल झाला आहे हे सांगत नाहीत, आणि गर्भाच्या निदानाला तर नेमका बदलच माहीत असावा लागतो, कारण वारेतून घेतलेल्या चिमूटभर पेशींत हिमोग्लोबिन नसते, डीएनए असतो. इथे थोडी जनुकाची रचना समजून घेणे भाग आहे. बीटा ग्लोबिनचे जनुक साधारण १,६०० अक्षरांचे असते. ही अक्षरे चार प्रकारची रसायने असून डीएनएच्या दुहेरी धाग्यात समोरासमोरची अक्षरे ठरलेल्या जोड्यांनीच जुळतात. जनुकाचे तीन तुकडे प्रत्यक्ष प्रथिनाची आज्ञा देतात आणि त्यांच्यामध्ये दोन मजकूररहित पट्टे असतात, जे आज्ञेची नक्कल वापरण्यापूर्वी कापून टाकले जातात. भारतात सर्वाधिक आढळणारा बदल या पहिल्या पट्ट्यातल्या पाचव्या अक्षराचा आहे: 'जी'च्या जागी 'सी' आले की कापण्याची खूण बिघडते. सिंधी कुटुंबांत मात्र विशेषत्वाने आढळतो तो वेगळा बदल, ज्यात दुसऱ्या पट्ट्यापासून जनुकाच्या शेवटापलीकडेपर्यंत ६१९ अक्षरे एकदम नाहीशी झालेली असतात. या प्रकारच्या अर्धवट गळतीचे वर्णन बॉस्टनचे स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये केले. पुढे १९८४ मध्ये हेग काझाझियन यांच्या गटाने भारतीयांतले अनेक बदल एकत्र मांडले, आणि १९९१ मध्ये एन. वाय. वरावाला, जॉन ओल्ड आणि सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातल्या बदलांची पाहणी प्रसिद्ध केली. पाचच बदल ओळखता आले तरी भारतातली बहुसंख्य कुटुंबे निदानाच्या कक्षेत येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. गर्भनिदानाचे व्यावहारिक दार या निष्कर्षाने उघडले, असे म्हणणे अतिशयोक्ती होणार नाही.

डीएनए वाचण्याच्या साधनांचे एक वैशिष्ट्य क्वचित सांगितले जाते. डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती करणारी पीसीआर ही पद्धत, जी आज घरोघरी माहीत आहे, तिचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिलाच उपयोग बीटा ग्लोबिन जनुकावर होता. सिकलसेलच्या निदानासाठी त्याच जनुकाचा तुकडा वाढवून दाखवला गेला. म्हणजे उल्हासनगरला ज्या जनुकाची चिंता होती, त्याच जनुकावर आधुनिक रेणुनिदान उभे राहिले. ६१९ अक्षरांची गळती ओळखण्यासाठी गळतीच्या दोन्ही बाजूंना खुणा ठेवून मधला तुकडा वाढवतात. जनुक अखंड असेल तर ८६१ अक्षरांचा तुकडा मिळतो, गळलेले असेल तर २४२ अक्षरांचा, आणि वाहकात दोन्ही. हे तुकडे जेल नावाच्या लिबलिबीत थरात विजेच्या ओढीने सरकवले की दोन पट्ट्या वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. पुन्हा वीज, पुन्हा पॉलिंगचीच कल्पना, फक्त प्रथिनाऐवजी डीएनए.

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आणि पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था झालेली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था या कामाचे पश्चिम भारतातले प्रमुख केंद्र ठरली. रोशन कोलाह, दीपिका मोहंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वाहकांच्या पाहण्या आणि गर्भनिदान यांची घडी बसवली. उल्हासनगरच्या जोडप्यांसाठी याचा अर्थ लोकलचा प्रवास आणि वेळेशी स्पर्धा असा होता: वारेच्या पेशी साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यात घेता येतात, निदानाला दिवस लागतात, आणि गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याने मर्यादा २० आठवड्यांची घातली होती, जी २०२१ मध्ये काही प्रकरणांत वाढवली गेली. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गर्भाच्या तपासण्यांना ज्या मोजक्या आजारांसाठी मुभा ठेवली, त्यांत हिमोग्लोबिनचे आजार स्पष्टपणे नमूद आहेत. ही मुभा सहज मिळालेली सवलत मानू नये. तिच्याशिवाय थॅलेसेमियाग्रस्त घराला दुसऱ्या मुलाचा विचार करणे अशक्य झाले असते.

आता या कथेचा दुसरा धागा: विद्युतरसायन. विजेचा प्रवाह आणि रासायनिक बदल यांचा संबंध शोधणारे हे शास्त्र उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या परिसराला परके नाही. उल्हासनगरला लागून शहाडला १९५०च्या दशकात सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला. रेयॉनच्या धाग्यासाठी कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो मिठाच्या द्रावणातून वीज सोडूनच बनवतात. अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना त्याआधीपासून होता, आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहतींत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने दाटीने उभे राहिले. ज्या वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांचे मंदिर आहे, ती नदी या प्रगतीची किंमत आजतागायत मोजत आहे. अंबरनाथलाच संरक्षण संशोधन संघटनेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे, जिची सुरुवात १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीतल्या एका रसायन आणि धातुशास्त्र प्रयोगशाळेने झाली. खाऱ्या पाण्यात जहाजाचे पोलाद गंजणे ही मुळात विद्युतरासायनिक क्रिया आहे. तिचा अभ्यास करायला पोलादाचा तुकडा, स्थिर विद्युतदाब देणारा दुसरा संदर्भ-इलेक्ट्रोड आणि प्रवाह पूर्ण करणारा तिसरा इलेक्ट्रोड असे तीन इलेक्ट्रोड द्रावणात बुडवतात. डीएनएच्या संवेदकातही तेच तीन इलेक्ट्रोड असतात. फरक इतकाच की जिथे पोलाद होते तिथे सोन्याचा नखाएवढा ठिपका असतो.

डीएनएला विजेची भाषा येते हे सर्वप्रथम दिसले ते चेकोस्लोव्हाकियात. प्रागचे यारोस्लाव हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबांचा इलेक्ट्रोड वापरून द्रावणातले घटक ओळखण्याची पद्धत शोधली आणि त्यासाठी १९५९ चे नोबेल मिळवले; त्यांच्याच परंपरेतले ब्रनोचे एमिल पालेचेक यांनी १९६० मध्ये दाखवले की डीएनएसुद्धा अशा इलेक्ट्रोडवर आपली खूण उमटवतो, आणि धागा दुहेरी आहे की सुटा याचा फरक त्या खुणेत दिसतो. पण 'डीएनए आहे' हे कळणे आणि 'हाच क्रम आहे' हे कळणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर १९९३ मध्ये मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात केली मिलान आणि सुसान मिकेलसन यांनी ओलांडले. ज्याची अक्षरे हव्या त्या क्रमाला पूरक आहेत असा छोटा सुटा धागा, ज्याला इथे शोधधागा म्हणू, त्यांनी इलेक्ट्रोडवर चिकटवला. नमुन्यातला धागा त्याच्याशी जुळला की तयार झालेल्या दुहेरी धाग्यात कोबाल्टचे एक संयुग अडकून बसते आणि त्याच्यामुळे प्रवाह वाढतो. क्रम जुळला नाही तर प्रवाह वाढत नाही.

पुढच्याच वर्षी त्यांनी ही पद्धत ज्या बदलासाठी वापरली तो उल्हासनगरच्या दृष्टीने विलक्षण बोलका आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत सिस्टिक फायब्रोसिस नावाचा फुप्फुसांचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्याच्या सर्वाधिक सापडणाऱ्या प्रकारात जनुकातली तीन अक्षरे गळलेली असतात. म्हणजे डीएनएचा क्रम ओळखणारा विद्युतरासायनिक संवेदक जवळजवळ जन्मापासूनच गळलेली अक्षरे शोधायला शिकला, आणि तीही एका विशिष्ट लोकसमूहात वारशाने फिरणारी. तीन अक्षरांच्या जागी ६१९ घातली आणि युरोपच्या जागी सिंध, तर प्रश्न तोच उरतो.

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. सोन्याच्या पृष्ठभागाला गंधक घट्ट धरून राहते, म्हणून शोधधाग्याच्या टोकाला गंधकाचा अणू लावून तो सोन्यावर उभा करण्याची रीत रूढ झाली, आणि मधल्या मोकळ्या जागेत छोट्या रेणूंची गादी पसरली की धागे आडवे न पडता ताठ उभे राहतात असे दिसून आले. कॅल्टेकच्या जॅकलिन बार्टन यांनी दाखवले की जुळलेल्या दुहेरी धाग्यातून विद्युतभार वाहतो आणि एकच अक्षर चुकीचे जुळले तरी तो अडखळतो. सांता बार्बरा येथे केविन प्लॅक्सको, ॲलन हीगर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शोधधागा केसाच्या आकड्यासारखा दुमडला आणि त्याच्या टोकाला फेरोसिन हा लोहयुक्त रेणू बांधला: आकडा मिटलेला असताना फेरोसिन सोन्याजवळ असतो आणि प्रवाह मिळतो, क्रम जुळून आकडा उघडला की तो दूर जातो आणि प्रवाह घटतो. फेरोसिनची ओळख वाचकाला नकळत आधीच झालेली असण्याची शक्यता आहे, कारण १९८०च्या दशकात घरी रक्तातली साखर मोजण्याची जी पहिली विद्युतरासायनिक पट्टी बाजारात आली, तिच्यात इलेक्ट्रॉन पोहोचवण्याचे काम याच कुळातला रेणू करत होता. बोटाच्या टोकावरचा थेंब, एक पट्टी, एक आकडा हा अनुभव उल्हासनगरच्या घराघरांत रुळला आहे; डीएनएच्या संवेदकाचे स्वप्न तोच अनुभव जनुकापर्यंत नेण्याचे आहे.

६१९ अक्षरांची गळती या तंत्राला विशेष सोयीची का, हे समजून घेण्यासारखे आहे. गळतीच्या डाव्या कडेची दहा-बारा आणि उजव्या कडेची दहा-बारा अक्षरे एकत्र जोडून शोधधागा तयार केला, तर गळलेल्या जनुकात ही दोन्ही टोके शेजारी आलेली असल्याने तो संपूर्ण जुळतो. अखंड जनुकात मात्र त्यांच्यामध्ये ६१९ अक्षरे उभी असतात, त्यामुळे धाग्याचा अर्धा भागच जुळू शकतो आणि किंचित उष्णता दिली की तोही सुटतो. पाचव्या अक्षरातला 'जी'चा 'सी' झाला आहे की नाही हे ओळखण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे, कारण तिथे वीस-पंचवीस अक्षरांपैकी फक्त एकाचा फरक असतो. तरीही एकच शोधधागा पुरत नाही. वाहकात एक अखंड आणि एक गळलेली अशा दोन्ही प्रती असतात आणि गळलेली प्रत तर त्याच्याकडे असणारच. तो वाहक आहे की दोन्ही प्रती गमावलेला रुग्ण, हे ठरवायला अखंड जनुकाचा शोधधागाही शेजारच्या ठिपक्यावर असावा लागतो, आणि दोघांच्या प्रवाहांची तुलना करावी लागते. अमेरिकेत 'ई-सेन्सर' या नावाने सिस्टिक फायब्रोसिसच्या वाहकांसाठी जी विद्युतरासायनिक चाचणी आली, तिने हा प्रश्न दोन वेगळ्या विद्युतदाबांवर प्रतिसाद देणारे दोन प्रकारचे फेरोसिन वापरून सोडवला.

अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या लपवून काही साधत नाही. एक मिलिलिटर रक्तात साधारण ४० लाख ते १ कोटी १० लाख पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीत या जनुकाच्या दोनच प्रती. रेणूंच्या हिशेबात ही संख्या इतकी अत्यल्प आहे की सोन्यावरचा प्रवाह बहुधा इतर विद्युत गोंगाटात बुडून जातो, म्हणून संवेदकापूर्वी पीसीआरने प्रती वाढवाव्या लागतात, आणि एकदा पीसीआर करायचेच ठरले की जेलवरच्या ८६१ आणि २४२ च्या पट्ट्या हे स्वस्त आणि विश्वासाचे उत्तर हाताशी असतेच. रक्तातली प्रथिने सोन्यावर साचून त्याला बधिर करतात. सोने आणि गंधक यांचा बंध उष्णतेत आणि दमटपणात हळूहळू सैल होतो, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दमटपणाची कमतरता नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत बी. डी. मल्होत्रा यांच्या गटाने क्षयासारख्या रोगांचे जंतू ओळखणाऱ्या डीएनए-संवेदकांवर दीर्घकाळ काम केले. जंतूंच्या बाबतीत 'आहे' किंवा 'नाही' एवढेच उत्तर पुरते. आनुवंशिक आजारात दोन प्रती मोजायच्या असतात आणि गर्भाच्या बाबतीत तर एका चुकीची किंमत एक आयुष्य असते. म्हणूनच गर्भनिदानात एकाहून अधिक पद्धतींनी खात्री करण्याची शिस्त आहे, आणि ती योग्यच आहे.

मग या संवेदकाची जागा कुठे? वाहकांची पहिली चाळणी नळी आणि ए-टू स्वस्तात करतात, गर्भाचे अंतिम निदान मोठ्या केंद्रातच व्हावे. पण या दोन टोकांमध्ये एक मधली जागा रिकामी आहे. दोघेही वाहक निघालेल्या जोडप्याचा नेमका बदल कोणता, हे त्यांच्याच शहरात, गर्भधारणेपूर्वी, काही तासांत कळले तर पुढचे आठवडे वाचतात. सायप्रसमध्ये १९८०च्या दशकात ऑर्थोडॉक्स चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि तिथे थॅलेसेमियाग्रस्त मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. तिथे निर्णायक ठरली ती तपासणीची वेळ. सिंधी विवाहात वाङ्निश्चयाला 'पक्की मिसरी' म्हणतात, दोन्ही घरे खडीसाखर आणि नारळ देऊन नाते पक्के करतात. तपासणी त्या दिवसाच्या आधी झाली तर तिला सल्ल्याचे रूप राहते, नंतर झाली तर ती संकट बनते. सीमेपलीकडच्या सिंध प्रांताच्या विधानसभेने २०१३ मध्ये थॅलेसेमिया प्रतिबंधाचा कायदा केला. फाळणीने माणसे वेगळी केली तरी दोन्हीकडे हेच जनुक वाहत राहिले. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाग्रस्तांना दिव्यांगांच्या यादीत घेतले, म्हणजे रुग्णाबद्दलची शासनाची जबाबदारी मान्य झाली.

संवेदकाचा विचार करताना उल्हासनगर आता बराकींचे शहर राहिलेले नाही हेही ध्यानात घ्यावे लागते. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५ लाख ६ हजारांवर गेली होती. जीन्स आणि फर्निचरच्या धंद्यात उत्तर भारतातून आलेले कामगार, मराठी वस्त्या, आणि अंबरनाथ-बदलापूरला स्वस्त घरांसाठी मुंबईहून सरकलेली मध्यमवर्गीय कुटुंबे यांनी या पट्ट्याचे रक्त मिसळत नेले आहे. पूर्वेकडून आलेल्या कुटुंबांत हिमोग्लोबिन 'ई' हा आणखी एक बदल असतो, आणि ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे, ज्यात बीटा जनुकाच्या सहाव्या शब्दातले, म्हणजे तीन अक्षरांच्या सहाव्या गटातले, एकच अक्षर बदललेले असते आणि ज्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. थॅलेसेमियाचा वाहक आणि सिकलसेलचा वाहक यांचा विवाह झाला तरी मूल गंभीर आजारी होऊ शकते. ज्या सोन्याच्या पट्टीवर कॅम्पच्या काळात ६१९ अक्षरांचा आणि अखंड जनुकाचा असे दोनच शोधधागे पुरले असते, तिच्यावर आज पहिल्या पट्ट्यातल्या पाचव्या अक्षराचा, सहाव्या शब्दातल्या बदलाचा आणि हिमोग्लोबिन 'ई'चा ठिपकाही शेजारी असावा लागेल, आणि त्या प्रत्येकाच्या बाजूला त्याच जागेच्या न बदललेल्या अक्षरांचा.